छत्तीस अंड्यांची टरफलं

"बाजारातली रंगाची पुडी या घरात शिरली, तर मी घराबाहेर," असं मास्तरांनी गुरुवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने फक्त दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चौतीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात काढलेले रंगमास्तर. गिरणीने मागच्या वर्षी हातात एक भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्या रागाला निवृत्त करायचं राहून गेलं. तो अजूनही रोज सकाळी सातच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचा. गिरणीत तो राग दोनशे माणसांत वाटला जायचा, त्यामुळे माणशी फार येत नसे. घरात वाटेकरी चारच: बायको, लेक, जावई आणि सात वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती.

आता एवढ्या रागाच्या माणसाची चूक कधी व्हायचीच नाही का? नाही. चौतीस वर्षांत मास्तर एकदाही चुकले नाहीत. कापड निळ्याऐवजी जांभळं निघालं की ते ओला तुकडा उजेडात धरायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "पाणी बदललंय." झालं. चूक पाण्याची. गिरणीतलं पाणी असं शंभरदा तरी बदललं असेल. निवृत्तीनंतर हे पाणी त्यांच्या मागोमाग घरी आलं. वीजबिल भरायचं राहिलं, पाणी बदललंय. लग्नाचा वाढदिवस विसरले, त्यातही फिरून फिरून पाण्याचंच काहीतरी निघालं. बायकोने बत्तीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं की या माणसाच्या तोंडून 'चुकलो' निघणार नाही. आता 'पाणी बदललंय' म्हणाले की माफी मागितली असं समजायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

तर गुरुवारचं प्रकरण अंड्यांचं होतं.

भिंगरीने वर्षाच्या मध्येच शाळा बदलली होती. नव्या वर्गात तिची कोणाशी गट्टी जमेना. मधल्या सुट्टीत ती खिडकीजवळ एकटी बसून डबा खायची आणि घरी येऊन 'आज खूप मज्जा आली' म्हणून सांगायची. मग एकदा बाईंनी विचारलं की ईस्टरच्या रविवारी शाळेच्या मैदानात मेळावा आहे, तर आपल्या वर्गाच्या टेबलावर रंगवलेली अंडी कोण आणेल? भिंगरी उभी राहिली. "माझे आजोबा आणतील. सगळ्यांना एकेक. प्रत्येकाचं नाव घातलेलं." वर्ग तीस मुलांचा. दुसऱ्या दिवशीपासून तीन मुली तिच्या बाकावर डबा घेऊन बसायला लागल्या. त्यामुळे रविवारी तीस अंडी टेबलावर लागली नाहीत तर काय होईल, हे सात वर्षांच्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा खिडकी.

लेकीने बिचारीने सोपा मार्ग म्हणून रंगाच्या पुड्या आणायचं काढलं. तिथेच ठिणगी पडली.

"मुलं ती अंडी फोडून खाणार," मास्तर गरजले. "असली रसायनं मी उभ्या आयुष्यात कापडाला लावली नाहीत, ती पोरांच्या पोटात घालू? जो रंग आपल्या स्वयंपाकघरात नाही, तो अंड्याला लागायचा नाही. हळदीचा पिवळा घ्या. कांद्याच्या सालांचा विटकरी घ्या. बिटाचा गुलाबी. जांभळ्या कोबीत अंडं ठेवलं तर निळं निघतं, ठाऊक आहे कोणाला? कोबी जांभळा आणि अंडं निळं! पुडीवाल्याच्या बापाला जमणार नाही."

"जमेल हो," बायको म्हणाली, "पण एवढे कांदे मी सोलणार नाही."

मास्तरांनी स्वतः कांदे सोलले. दोन किलो. सालं एका पिशवीत गेली आणि सोललेले कांदे पुढचे चार दिवस घरात जिथे तिथे दिसत राहिले.

संध्याकाळी त्यांनी छत्तीस अंडी उकडली. तीस मुलांची, सहा खोट धरून, गिरणीची सवय. मग सगळ्यांत मोठं पातेलं ओट्यावर ठेवून त्यात व्हिनेगरच्या बाटल्या रित्या करायला लागले. एक झाली, दोन झाल्या, सहा झाल्या. घरभर असा आंबट वास सुटला की भिंगरीने नाक धरलं.

"रंगाचा पहिला धडा ऐक," मास्तर तिला म्हणाले. "रंग वरवर बसला तर तो कच्चा. सूत आधी आंबटात मुरवायचं. मग रंग हाडात शिरतो आणि मरेपर्यंत सुटत नाही. अंड्याचंही तसंच. चोवीस तास मुरवायचं, शनिवारी तू मेणबत्तीने प्रत्येकावर नाव लिही, मग रंगात बुडवू. मेण असेल तिथे रंग धरणार नाही. नाव पांढरं उठेल."

"सगळ्यांची नावं?"

"सगळ्यांची."

तेवढ्यात जावई कामावरून आला आणि हात धुवायला बेसिनपाशी उभा राहिला. जावयाचं गिझर दुरुस्तीचं दुकान होतं. कमी बोलणारा, खाली मान घालून जेवणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या घराची दुरुस्ती निघाली म्हणून दोन महिन्यांसाठी सासुरवाडीला राहायला आला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती; तिकडचा गवंडी दर महिन्याला एक भिंत पाडायचा आणि आठवड्याने अर्धी बांधायचा. मास्तर त्याला 'जावईबापू' म्हणायचे, अहोजाहो करायचे, आणि गेल्या दोन वर्षांत त्याला एकही प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. सांगायचे मात्र भरपूर.

जावयाने पातेल्यात पाहिलं. "मामा, आंबटात किती वेळ ठेवणार?"

"चोवीस तास."

"अख्खे चोवीस? मामा, एक सांगू का, गिझरात आम्ही—"

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "मी कधी तुमच्या गिझरात डोकावलो? नाही ना? मग गिझरवाल्याने रंगातलं बोलू नये."

"तसं नव्हे, मामा, पण—"

"झाकण द्या."

जावयाने झाकण दिलं. मास्तरांनी ते पातेल्यावर बसवलं, त्यावर वजन म्हणून कपड्यांची इस्त्री ठेवली आणि घराला हुकूम सोडला की उद्या संध्याकाळपर्यंत हे झाकण कोणी उचलायचं नाही. झाकण उघडलं की मुरणं बिघडतं. रंगखात्याचा नियम.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना ओट्याभोवती उभं करण्यात आलं. मास्तरांनी बाह्या वर केल्या, इस्त्री बाजूला ठेवली आणि झाकण उचललं.

पातेल्यात अंडी होती. पांढरीधोट, गुळगुळीत, मऊ. एकावरही टरफल नव्हतं.

मास्तरांनी एक उचललं, दाबलं, ते बोटाखाली दबलं. दुसरं उचललं. मग सगळी एकेक करून परातीत काढली आणि मोजली. छत्तीसच्या छत्तीस. एक कमी नाही, एक फुटलेलं नाही.

"कोणी सोलली?"

आवाज गिरणीतला होता. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"अहो, अंडी सोलायला मला वेळ कुठे आहे?" बायको म्हणाली. "कालपासून मी कांदे झाकून ठेवतेय."

"मग टरफलं कुठायत? छत्तीस अंड्यांची टरफलं म्हणजे ढीग होतो. हवेत नाही जात." मास्तरांनी वर्तमानपत्र पसरलं आणि कचऱ्याचा डबा त्यावर उपडा केला. चहाचा चोथा निघाला, कोबीची पानं निघाली, लेकीने आठवडाभर शोधलेलं एक कानातलं निघालं. टरफल नाही. बेसिनखाली पाहिलं. फ्रिजमागे पाहिलं. खिडकीतून वाकून खालच्या छपरावर पाहिलं. जसजशी टरफलं सापडेनात तसतसा त्यांचा संशय पक्का होत गेला, कारण सापडली असती तर चोर साधा असता. न सापडणं म्हणजे चोर हुशार.

"दुपारी घरात कोण आलं होतं?"

"मी," जावई म्हणाला. "जेवायला. पंधरा मिनिटं."

"एकटे?"

"एकटाच."

मास्तरांची नजर दाराशी ठेवलेल्या हत्यारांच्या पिशवीवर गेली. लेक "बाबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ती उचलून वर्तमानपत्रावर रिकामी केली. पाने, पक्कड, वायसर, टेपची गुंडाळी. आणि सगळ्यांत शेवटी पडला एक पांढरट, पातळ, किंचित वळलेला तुकडा. मास्तरांनी तो दोन बोटांत धरून असा वर केला की कोर्टातसुद्धा कोणी पुरावा तसा धरत नसेल.

"हे काय आहे?"

"चुना आहे तो, मामा. गिझरातला. कठीण पाण्याचा थर धरतो नळीवर, तो—"

"टरफल आहे हे!"

"बाबा!" लेक मध्ये पडली. "ते कशाला अंडी सोलतील?"

"कशाला म्हणजे? खायला! दुकानातल्या माणसांसाठी डबा भरायचा असेल. तेवढ्यात कोणाची तरी चाहूल लागली असेल."

"ते अंडं खात नाहीत."

"काय?"

"अंडं खाल्लं की त्यांच्या अंगावर पित्त उठतं. दोन वर्षं एका टेबलावर जेवताय तुम्ही, बाबा. तुमच्या ताटात नेहमी दोन अंडी असतात ना? त्यातलं एक त्यांच्या वाटचं असतं. आई सगळ्यांना मोजून एकेक करते, ते त्यांचं तुमच्याकडे सरकवतात. तुम्ही कधी वर बघितलंत?"

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण राग म्हणजे उतारावर सुटलेली हातगाडी. दोन वर्षं आपण जावयाच्या वाटचं अंडं खातोय हे कळल्यावर त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली याचा आणखी राग आला.

"खात नसतील," ते ओरडले, "पण सोलता तर येतं! काल मी बोलू दिलं नाही ते लागलं मनाला. म्हणून मला खोटं पाडायचं. नातीसमोर तोंडघशी पाडायचं. स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या घरात पाय पसरून बसलेल्या माणसाला दुसरा उद्योग काय? घरजावयाने निदान घराच्या लहान पोरीचा तरी विचार करावा!"

तो शब्द या घरात दोन वर्षं कोणी उच्चारला नव्हता. शेजाऱ्यांनी उच्चारला असेल, नातेवाइकांनी तर नक्कीच. घरात नाही.

जावई खाली बसला आणि वर्तमानपत्रावरची हत्यारं एकेक करून पिशवीत भरायला लागला. पाने पान्यांच्या कप्प्यात, वायसर डबीत. चुन्याचा तुकडाही त्याने मास्तरांच्या हातातून हळूच घेतला आणि आत टाकला. मग पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "मी दुकानात झोपेन आजपासून." भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दारातून वळून एवढंच बोलला, "मामा, विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

लेक खोलीत गेली आणि दार इतकं हळू लावलं की आपटलं असतं तर बरं झालं असतं. बायकोने कचरा पुन्हा डब्यात भरला. भिंगरी परातीजवळ उभी होती.

"आजोबा, रविवारी काय नेऊ?"

मास्तरांनी परातीकडे पाहिलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की काय करायचं हे त्यांना आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून ते पुन्हा रागावले. "नेशील! छत्तीस नेशील! उद्या मी स्वतः राखणीला बसतो. बघतो कोणाची छाती होते ते."

शनिवारी सकाळी सातला त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातली शिल्लक होती तेवढी सगळी अंडी उचलली. पुन्हा छत्तीस. या वेळी उकडायलाही थांबले नाहीत, उकडणं रंगातच होईल म्हणाले. कच्ची अंडी पातेल्यात, वर व्हिनेगर, वर झाकण, वर इस्त्री. आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी खुर्ची टाकून ते स्वतः बसले. कोणी आत यायचं नाही.

"चहा कसा करू मग?" बायकोने बाहेरून विचारलं.

"नको चहा."

"मला हवाय."

"आत यायचं नाही म्हणजे नाही. तपास चालू आहे."

बायको शांतपणे वरच्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाईंकडे चहा प्यायला गेली आणि अर्थातच सगळं सांगून आली. नऊ वाजेपर्यंत जिन्यातल्या प्रत्येक घराला कळलं होतं की मास्तर अंड्यांवर बसलेत.

अकराच्या सुमारास घर अगदी शांत झालं. आणि मास्तरांना आवाज ऐकू आला. बारीक, सलग, स्सस्स असा.

त्यांनी कान टवकारले. नळ बंद होता. फ्रिज गप्प होता. आवाज ओट्याकडूनच येत होता, शेगडीच्या बाजूने. मास्तर ताडकन उठले.

"गॅस!"

आता हा माणूस दोनशे माणसांना एका हाकेत खात्याबाहेर काढायचा, तेव्हा त्याची हाक कशी असेल ते समजून घ्या. त्यांनी शेगडीची बटणं आवळली, खिडक्या उघडल्या, लेकीला आणि नातीला ओढून बाहेर काढलं आणि जिन्यात उभं राहून ओरडले, "गॅस फुटलाय! सगळे खाली! दिवे लावू नका!" पाच मिनिटांत अख्खी इमारत अंगणात उतरली. कोणी अर्धी दाढी केलेला, कोणी डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. शिकवणीवाल्या बाई सहा विद्यार्थ्यांना रांगेत घेऊन आल्या आणि रांग मोडू नका म्हणून त्यांना अंगणातही दटावत होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार तेवढे तोंडाला ओला रुमाल बांधून मास्तरांच्या मागे वर गेले.

हवालदारांनी शेगडी हुंगली. नळी हुंगली. सिलिंडर हुंगला. मग पातेल्याजवळ कान नेला.

"मास्तर, आवाज यातून येतोय."

"झाकण उचलू नका!"

हवालदारांनी इस्त्री बाजूला केली आणि झाकण उचललं. वर पांढरट फेस जमला होता. खाली आग नाही, आच नाही, आणि छत्तीसही अंड्यांवर बुडबुडे उठत होते, जणू आपली आपणच उकळत होती. एव्हाना धीर करून अर्धा जिना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला होता. भिंगरी सगळ्यांच्या पायांतून घुसून पुढे आली.

मास्तरांनी एक अंडं बाहेर काढलं आणि अंगठ्याने चोळलं. टरफलाची भुकटी झाली आणि अंगठ्याला लागली. पांढरी, खरखरीत. आणखी चोळलं. खाली मऊ पातळ कातडी लागली. कोणी सोललं नव्हतं. सकाळपासून त्या पातेल्याजवळ त्यांच्याशिवाय कोणी फिरकलं नव्हतं.

"चुना," ते पुटपुटले.

त्यांना काल संध्याकाळी दोन बोटांत धरलेला तो तुकडा आठवला. मग गुरुवारचं ते "गिझरात आम्ही" आठवलं, आणि "झाकण द्या" आठवलं. मग दुसऱ्याच्या वाटचं एकेक अंडं आठवायला लागलं. दोन वर्षांची अंडी कमी नसतात.

सगळी इमारत त्यांच्याकडे बघत होती. दारात लेक उभी होती, रात्रभर रडून डोळे सुजलेली. मास्तरांनी अंडं उजेडात धरलं, मान हलवली, घसा खाकरला.

"पाणी बदललंय."

कोणाला काही कळलं नाही. हवालदार म्हणाले, असेल बुवा. बायकोला मात्र कळलं. तिने कोपऱ्यातला फोन उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"मग पाण्याच्या माणसाला बोलवा," ती म्हणाली. "आपल्या घरी होता एक. तुम्हीच काल घालवलात."

मास्तरांनी फोन लावला. पलीकडून जावयाचा आवाज आला तेव्हा अख्खा जिना कान लावून उभा होता.

"जावईबापू," मास्तर म्हणाले. मग फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले. "इकडचं पाणी बदललंय. जरा... येऊन बघता का?"

दोन वर्षांत त्यांनी जावयाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

वीस मिनिटांत जावई आला. एका खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि दोन्ही हातांत सुतळीने बांधलेले अंड्यांचे ट्रे. छत्तीस. कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळी अंडी मास्तरांनी नेली हे त्याला सकाळीच कळलं होतं, आणि ती कशात गेली असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. म्हणून तो लांबच्या मंडईत जाऊन आला होता.

पण आधी त्याने पिशवी खाली ठेवली, नळाखाली ग्लास भरला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. चांगला निरखून पाहिला. सगळे बघत असताना, चेहरा अगदी गंभीर ठेवून.

"हो, मामा," तो म्हणाला. "बदललंय खरं. होतं असं कधीकधी."

मास्तरांनी तोंड फिरवलं आणि कांद्याच्या सालांची पिशवी शोधायला लागले. ती त्यांच्या समोरच होती. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचंच होतं, असं त्यांनी नंतर स्वतःहून दोनदा सांगितलं.

मग मात्र काम जोरात झालं. टरफल म्हणजे चुनाच, मामा, आणि गिझरातला चुना काढायला आम्ही आंबटच घालतो, असं जावयाने सांगितलं आणि मास्तरांनी ते ऐकून घेतलं. पातेलंभर नको, रंगात दोन चमचे पुरे, असंही सांगितलं. तेही ऐकून घेतलं. जावयाने ती छत्तीस अंडी उकडून, पुसून कोरडी केली. भिंगरीने मेणबत्तीच्या टोकाने नावं लिहिली. लेकीच्या जुन्या लांब मोज्यात अंडं आणि कोथिंबिरीचं पान घट्ट बांधून मास्तरांनी ते कोबीच्या पाण्यात सोडलं, तर निळ्यावर पांढरं पान उमटलं, शिरांसकट. चारी पातेली एका वेळी सांभाळताना ते गिरणीतल्यासारखे ओरडत होते, पण ओरडण्यात आता राग नव्हता. जेवायला बसले तेव्हा बायकोने सगळ्यांना सोललेली, आंबटढाण अंडी वाढली, कारण तशी छत्तीस संपवायची होती. मास्तरांनी जावयाच्या ताटातलं अंडं स्वतः उचललं. "तुम्हाला काय चालतं, जावईबापू?" त्यांनी विचारलं. घरातला दुसरा प्रश्न.

रविवारी शाळेच्या मैदानात भिंगरीच्या वर्गाचं टेबल लागलं. पिवळी, विटकरी, गुलाबी, निळी, तीस अंडी, तीस पांढरी नावं. बाईंनी हात जोडले. मास्तर छाती काढून टेबलामागे उभे राहिले आणि कोणी विचारायची वाट बघायला लागले. चौतीस वर्षांचा अनुभव त्यांच्या ओठांवर येऊन बसला होता.

पण गर्दी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. रांग लागली होती, पार फाटकापर्यंत. मास्तर टाचा उंचावून बघतात तर भिंगरी एका काचेच्या वाडग्याशी उभी. शनिवारच्या धांदलीत ओट्याखाली सरकवलेलं ते दुसऱ्या खेपेचं पातेलं तसंच राहून गेलं होतं. त्यातल्या कच्च्या अंड्यांची टरफलं सकाळपर्यंत पुरती विरघळली, अंडी फुगून टपोरी झाली, आणि कातडीतून आतला पिवळा बलक लख्ख दिसायला लागला. भिंगरीने त्यातलं एक गुपचूप आणलं होतं. मुलं एकेक करून ते बोटाने दाबून बघत होती, उन्हात धरून बलक हलवत होती आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत होती. भिंगरीच्या दोन्ही बाजूंना चार-चार मुली तिला खेटून उभ्या होत्या. खिडकीचा प्रश्न मिटला होता.

"हे अद्भुत आहे," बाई मास्तरांकडे येऊन म्हणाल्या. "कसं केलंत हो?"

मास्तरांनी घसा खाकरला. मग शेजारी भिंगरीची पाण्याची बाटली धरून उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं.

"यांना विचारा," ते म्हणाले. "आमचे जावई. आंबटातलं यांना कळतं. मी आपलं फक्त झाकण ठेवलं."

"आणि टरफलं शोधली," भिंगरी तिकडून ओरडली. "आजोबांनी कचऱ्यात पण शोधली!"

तेवढ्यात तिची एक मैत्रीण मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात निळं अंडं होतं, त्यावर कोथिंबिरीचं पान, पानाखाली तिचं नाव. अख्ख्या टेबलावरचं सगळ्यांत देखणं अंडं. मास्तरांनी त्यावर एक तास घालवला होता. तिने ते त्यांच्यापुढे धरलं.

"आजोबा, माझ्या अंड्याचं पण टरफल काढून द्या ना."

मास्तरांचा चेहरा बिटाच्या रंगाचा झाला. बायकोने डोळे मिटून घेतले. जावई एक पाऊल मागे सरकला. मास्तरांनी अंड्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मग शाळेच्या नळाकडे बघत हळूच म्हणाले, "आज नको, बाळ. इथलं पाणी बरोबर नाही."